गेममधली ढाल तिच्याच लोखंडापेक्षा स्वस्त का मिळते?

संपादक साहेब, नमस्कार,

पुरवणीतला ऑनलाइन गेम्सवरचा लेख वाचला. लेख वाईट नव्हता पण नेहमीसारखाच ड्रॅगन, मारामारी, ग्राफिक्स आणि पोरं किती वेळ घालवतात यावरच संपला. या फँटसी गेम्समध्ये एक भलीमोठी जमात अशी आहे जी लढायला जातच नाही, झाडं तोडते, खाणीत खणते, मासे पकडते आणि मग त्या मालातून काहीतरी बनवत बसते. त्यांच्या वाट्याला लेखात एकच ओळ आलीये, ती म्हणजे हे ‘डोकं बाजूला ठेवून क्लिक करणं’ आहे. मी बरीच वर्षं हेच खेळतो म्हणून सांगतो, क्लिक करायला डोकं लागत नाही हे खरंच आहे, पण काय गोळा करायचं, काय बनवायचं आणि काय आहे तसंच विकून टाकायचं हे ठरवायला चांगलंच लागतं.

रुनस्केप या गेमचंच घ्या, 2001 पासून चालू आहे. त्याच्या ‘ओल्ड स्कूल’ या जुन्या वळणाच्या आवृत्तीत लोहारकाम, सुतारकाम, स्वयंपाक अशा प्रत्येक स्किलची लेव्हल 99 पर्यंत जाते आणि तिथे पोचायला 1,30,34,431 एक्सपी, म्हणजे काम करून मिळणारे अनुभवाचे गुण, लागतात. गंमत म्हणजे याच्या निम्मे एक्सपी लेव्हल 92 ला होतात, म्हणजे ब्याण्णवला पोचलेला माणूस अजून अर्ध्या वाटेवरच असतो! आता एवढे एक्सपी मिळवायला लोक हजारो वस्तू बनवणार, आणि त्या वस्तू हव्यात कोणाला? कोणालाच नको असतात. सगळे तीच वस्तू बनवतात कारण त्या लेव्हलला तिच्यातच एक्सपी जास्त मिळतात, मग बाजारात ढीग लागतो आणि ढाल तिच्यात गेलेल्या लोखंडापेक्षा स्वस्त विकली जाते. नवीन माणसाला हे वेडेपणाचं वाटतं, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं. पण बनवणाऱ्याने ढालीसाठी पैसे मोजलेलेच नसतात हो, त्याने लेव्हल विकत घेतलेली असते आणि ढाल हा उरलेला भुसा आहे. रुनस्केपमध्ये हाय अल्केमी नावाचा मंत्र आहे ज्याने वस्तूची थेट सोन्याची नाणी होतात, त्यामुळे बऱ्याच वस्तूंचा भाव एका मर्यादेखाली सहसा पडत नाही, नाहीतर कित्येक चिलखतं फुकट वाटायची वेळ आली असती.

यातून नवीन खेळाडूने घ्यायचं काय, तर सुरुवातीला गोळा करा आणि कच्चा माल विका, बनवायच्या मागे लगेच लागू नका. लेव्हल वाढवणाऱ्याला माल लागतोच लागतो आणि गोळा करत बसायला त्याला कंटाळा येतो, तो कंटाळा म्हणजे तुमची कमाई. त्यातही एकाच धातूच्या मागे धावण्यापेक्षा जो माल सगळ्यांनाच लागतो तो बघावा, उदाहरणार्थ कोळसा, ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये साध्या भट्टीत पोलादाच्या एका बारला, म्हणजे कांबीला, 2 कोळसे लागतात, पुढच्या काल्पनिक धातूंपैकी मिथ्रिलला 4, अ‍ॅडमंटला 6 आणि रुनाइटला 8, म्हणजे लोहार वर चढेल तसा कोळसा जास्तच खातो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये वेगळीच भानगड. तिथे मुख्य धंदे दोनच घेता येतात, आणि जुन्या पद्धतीत रेसिपीचा, म्हणजे वस्तू बनवायच्या कृतीचा, रंग सांगतो की स्किल वाढेल की नाही, नारिंगी असेल तर नक्की, पिवळी असेल तर बहुतेक, हिरवी असेल तर क्वचित आणि राखाडी झाली की शून्य. शहाणी माणसं रंग बघून आधी हिशोब मांडतात, कारण नारिंगी रेसिपी महाग पडली तर स्वस्तातली पिवळी चार वेळा बनवणं परवडतं. दोन्ही धंदे गोळा करायचेच घ्यायचे, म्हणजे खाणकाम आणि जनावरांची कातडी काढणं, आणि पैसे साठले की मग एक सोडून लोहारकाम धरायचं हा सुद्धा जुना मार्ग आहे.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. कारागिराला गेममध्ये किंमत कधी राहते? वस्तू मोडते तेव्हा. 1997 च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये हत्यारं झिजायची, तुटायची, मेलात तर लुटली जायची, त्यामुळे चांगल्या लोहाराकडे लोक परत परत यायचे, आणि ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीच्या, लोहाराला उत्तम वस्तूवर स्वतःचं नाव टाकता यायचं. अल्बियन ऑनलाइनमध्ये आजही जवळपास सगळं सामान खेळाडूच बनवतात आणि धोक्याच्या भागात मेलात की अंगावरचं सगळं जातं, त्यातलं काही कायमचं नष्ट होतं, म्हणून मागणी संपत नाही. तिथे कोणत्या शहरात काय शुद्ध करायचं यालाही बोनस आहे, धातूला थेटफर्ड, लाकडाला फोर्ट स्टर्लिंग, मग माल वाहून नेणं हाच एक धंदा होऊन बसतो. याउलट ज्या गेममध्ये तलवार एकदा घेतली की जन्मभर टिकते आणि त्याहून भारी तलवार राक्षसाच्या पोटातून फुकट पडते तिथे लोहारकाम म्हणजे नुसता आकडा वाढवणं, आणि अशा गेमबद्दल लेखकाने लिहिलं असतं की हे डोकं न लावायचं काम आहे, तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

आणि बॉट्सबद्दल, म्हणजे माणसाच्या जागी गेम खेळणाऱ्या प्रोग्रामबद्दल, लेखात अवाक्षर नाही याचं जास्त आश्चर्य वाटलं. झाड तोडणं प्रोग्रामला सगळ्यात सोपं, त्यामुळे पहिला भाव पडतो तो लाकडाचा आणि खनिजाचा, हाताने गोळा करणारा मरतो (लेव्हल चढवणारे मात्र मनातून खूष असतात, स्वस्त माल कोणाला नको). असं बॉट्सकडून कमावलेलं गेममधलं सोनं खऱ्या पैशाला विकणाऱ्यांना अडवायला रुनस्केपने डिसेंबर 2007 पासून निर्बंध आणून खेळाडूंमधला मोकळा व्यवहारच बंद करून टाकला होता, प्रामाणिक खेळाडू इतके वैतागले की गेम सोडून गेले, आणि तो व्यवहार परत सुरू व्हायला फेब्रुवारी 2011 उजाडला. पुरवणीत पुढचा भाग येणार असेल तर तो यावर लिहा, आणि लिहायच्या आधी लेखकाला एखाद्या गेममध्ये लोहारकाम निम्म्या लेव्हलपर्यंत तरी चढवायला सांगा.

आपला,
एक नियमित वाचक