ताई, २०२४ ची यादी तुमच्यामुळे झाली

प्रिय ताई,

२०२४ मधल्या माझ्या आवडत्या अल्बमची यादी तयार झाली आहे आणि तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक नाव तुमच्याकडून आलेलं आहे. आभार फोनवरही मानता आले असते, पण ‘अरे, त्यात काय एवढं’ म्हणून तुम्ही लगेच विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

नवे अल्बम जगभर शुक्रवारी येतात, जुलै २०१५ पासून तसा रिवाजच पडला आहे. एकेका शुक्रवारी इतकं काही येऊन पडतं की कुठून सुरुवात करावी तेच सुचत नाही. त्या ढिगातून तुम्ही दर वेळी एक नाव काढून पाठवलंत आणि सोबत एकच ओळ. ‘मस्त आहे’, ‘चुकवू नकोस’ असलं कधीच नाही. ‘तालाची वाद्यं नीट ऐक’, ‘गायक उशिरा येईल, थांब’, एवढंच. आणि अट एकच: पहिल्यांदा ऐकताना गाण्यांचा क्रम बदलायचा नाही, मधेच फोन हातात घ्यायचा नाही.

१७ मेला मात्र तुम्ही दोन नावं पाठवलीत. बिली आयलिशचा ‘हिट मी हार्ड अँड सॉफ्ट’ आणि बेथ गिबन्सचा ‘लाइव्ज आउटग्रोन’. दोन्ही त्याच दिवशी आलेले, दोन्हींत दहा-दहा गाणी. एक गायिका तेव्हा २२ वर्षांची, दुसरी ५९ वर्षांची. बिलीने प्रकाशनाआधी एकही गाणं सुटं सोडलं नव्हतं. अल्बम सलग ऐकला जावा हाच तिचा हट्ट. तिच्या एका गाण्याचं अर्ध्यावर रूपच पालटतं, संथ चाललेलं गाणं एकदम थिरकायला लागतं. सुटं ऐकलं तर ते विचित्र वाटेल, पण त्या क्रमात ते चपखल बसतं.

‘लाइव्ज आउटग्रोन’वर मात्र मी अडकलो तो अडकलोच. पोर्टिसहेड या ब्रिटिश बँडची गायिका म्हणून बेथ गिबन्सचा आवाज ओळखीचा होता, पण केवळ स्वतःच्या नावावरचा हा तिचा पहिलाच अल्बम, आणि तो घडायला दहा वर्षं लागली. तुमची ओळ होती, ‘तालाची वाद्यं नीट ऐक.’ ऐकली. ड्रम्सचा नेहमीचा करकरीत ठोका तिला नकोच होता. म्हणून ड्रमवादक ली हॅरिसने लाकडी खण, पत्र्याचे डबे, पडद्यांनी भरलेलं खोकं असल्या वस्तू वाजवल्या आहेत. हे कळल्यावर हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, तेव्हा ताल गाण्याच्या मागे न वाजता त्याच खोलीत कुणीतरी वावरत असल्यासारखा वाटला. ‘फ्लोटिंग ऑन अ मोमेंट’च्या शेवटाकडे लहान मुलांचा कोरस येतो. आपण सगळे शून्याकडेच निघालो आहोत, अशा अर्थाचे शब्द, आणि ते गाणारे इतके कोवळे आवाज! उतरतं वय, शरीरात होणारे बदल, जवळच्या माणसांचं जाणं, हे सगळं ती कुठेही गळा न काढता गाते. माझ्या यादीत पहिलं नाव हेच आहे, आणि ते बदलणार नाही.

ब्रिटिश जॅझ वादक शबाका हचिंग्जचा ‘परसीव्ह इट्स ब्युटी, अक्नॉलेज इट्स ग्रेस’ तुम्ही एप्रिलमध्ये दिलात. ज्या सॅक्सोफोनमुळे जगाने त्याला ओळखलं तो त्याने २०२३ संपता संपता बाजूला ठेवला आणि बासरी आणि शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी हाती घेतली. भरात असताना असं करायला धैर्य लागतं. न्यू जर्सीच्या ज्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६४ मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ केला, तिथेच हे ध्वनिमुद्रण झालं. वादकांनी हेडफोन लावले नाहीत, मधे आडोसे ठेवले नाहीत. एकमेकांचं ऐकत, एकाच खोलीत वाजवलं. म्हणूनच त्यात फुंकर आधी ऐकू येते आणि सूर मागून. शेवटच्या गाण्यात शबाकाचे वडील स्वतःची कविता म्हणतात. ‘शेवटपर्यंत बस’ असं तुम्ही का लिहिलं होतंत ते तेव्हा उमगलं.

पाकिस्तानी-अमेरिकी गायिका अरूज आफताबच्या ‘नाइट रेन’बद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आपण तासन्‌तास बोललो आहोत. हैदराबादच्या उर्दू कवयित्री माहलका बाई चंदा यांच्या रचना त्यात आहेत. त्या १८२४ मध्ये गेल्या. बरोबर २०० वर्षांनी त्यांचे शब्द हार्प आणि डबल बासच्या संगतीने नव्या कानांपर्यंत पोचले, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘गायक उशिरा येईल, थांब’ ही ओळ ‘द क्युअर’ या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’साठी होती. त्यांचा १६ वर्षांनंतरचा अल्बम, नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी आलेला. पहिल्या गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटांहून अधिक काळ तोंडच उघडत नाही. तुमची ओळ नसती तर मी कदाचित पुढे सरकलो असतो. थांबलो, आणि तो आवाज आला तेव्हा अंगावर काटा आला. भावाच्या मृत्यूवरचं त्याचं गाणं मी अजूनही पुरं ऐकू शकत नाही.

चार्ली एक्ससीएक्सच्या ‘ब्रॅट’वर आपलं एकमत झालं नाही, होणारही नाही. तुमच्या सांगण्यावरून मी त्यातलं आई होण्याबद्दलचं गाणं शांतपणे ऐकलं. ते खरंच निर्मळ आहे. पण बाकीच्या अल्बममध्ये मी रमत नाही, म्हणून तो माझ्या यादीत नाही.

आणि मग १५ डिसेंबर. झाकीरभाई गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांनी तीन ग्रॅमी घेतले होते, त्यांतलं एक त्यांच्या ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’साठी. त्या आठवड्यात तुम्ही नवं काहीच पाठवलं नाहीत. पाठवलात तो १९८७ चा ‘मेकिंग म्युझिक’: हरिप्रसादजींची बासरी, मॅक्लॉफ्लिनची गिटार, यान गार्बारेकचा सॅक्सोफोन आणि झाकीरभाई. सोबत ओळही नव्हती. तबला कुठे बोलतो यापेक्षा तो कुठे गप्प राहतो, हे त्या रात्री मी प्रथमच इतकं लक्ष देऊन ऐकलं. तो अल्बम २०२४ चा नाही, तरी यादीच्या तळाशी वेगळी रेघ मारून त्याचं नाव लिहिलं आहे.

ताई, तुमचे कान, तुमचा वेळ आणि त्या एकेक ओळी तुम्ही काहीही न मागता दिल्यात, त्याबद्दल मनापासून आभार. आता एक मागणं माझंही. तुमची स्वतःची यादी तुम्ही अजून मला दाखवलेली नाही. ती पाठवा, क्रमासकट. ‘ब्रॅट’ पहिला असला तरी चालेल, मी तो पुन्हा सलग ऐकेन.

तुमचा,
धाकटा भाऊ