पाण्याच्या तक्रारीत जमिनीचाही विचार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापला की ‘उजनी मायनसमध्ये’, म्हणजे धरणातला वापरण्याजोगा साठा संपला, ही बातमी ठरलेली. सोलापुरातल्या आमच्या साखर पेठेत नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. बातमी वाचली की शेजारच्या अक्का आधी पिंपं घासायला काढतात आणि मग पावसाच्या नावानं बोटं मोडतात. पाऊस कमी हे खरंच. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आपल्याला वर्षाला साधारण 550 मिलिमीटर मिळतो, महाबळेश्वरला त्याच्या दहापट. पण हे काही आज ठरलेलं नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदलं ते हे ओळखूनच.

मला बोलायचंय ते पावसाबद्दल नाही, पायाखालच्या जमिनीबद्दल. वर काळी माती, खाली काळा पाषाण. पाषाणात पाणी साठतं ते फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात, म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि भिंतीपलीकडच्याचा बोअर पाचशे फुटांपर्यंत कोरडा जातो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. माझ्या घराची मागची भिंत याच ओढाताणीत दोनदा चिरली. जमिनीखालच्या जुन्या नळांचे जोड काय सोसत असतील, ते गल्लीत भर उन्हाळ्यात साचलेल्या डबक्यावरून कळतं. गळती दुरुस्त करून खड्डा त्याच मातीनं बुजवतात, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. (आमच्या कोपऱ्यावरचा खड्डा आता पोरांनाही तोंडपाठ झालाय.)

आपली तहान भागते ती सुमारे 110 किलोमीटरवरच्या धरणावर. उजनीचे 117 टीएमसी ऐकायला भरपूर, पण निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे एरवी न वापरता येणारा, तळाचा. त्यात कोयनेसारखी खोल दरी इथं नाही. भीमेच्या पसरट खोऱ्यात पाणी पार भिगवणच्या पुढंपर्यंत आडवं पसरतं आणि चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात वाफ होऊन जातं. शहरासाठी टाकळीला नदीतून पाणी उपसतात; त्यासाठी धरणातून नदीत सोडलेलं पाणी पंढरपूरमार्गे औज बंधाऱ्यापर्यंत पोचायचं, तर कोरडं पात्र आधी आपला वाटा पिऊन घेतं. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून पुण्या-पिंपरीचं सांडपाणीही याच उतारानं आपल्याकडं येतं. ते वरच्या अंगाला, आपण खालच्या. या उताराशी भांडून उपयोग नाही. भांडायचं तर तिथल्या मैलाशुद्धीकरणासाठी.

पण निदान शहरातला उतार तरी आपल्या हातात आहे ना? ओढ्यांत भराव टाकून प्लॉट पाडले. आता तासभर जोराचा पाऊस झाला की काळ्या मातीत न मुरणारं पाणी लोकांच्या घरात शिरतं आणि आठवड्यानं त्याच घरांसमोर टँकर उभा राहतो. 1871 मध्ये पुरा झालेला, शहराजवळचा हिप्परग्याचा तलाव गाळानं उथळ होत चाललाय.

महापालिकेनं जुने ओढे नकाशावर आखून प्रत्येक प्रभाग कार्यालयात लावावेत आणि त्या रेषेत बांधकामाला परवानगी देऊ नये. हिप्परग्याचा गाळ शेतकऱ्यांना हवाच असतो; उन्हाळ्यात तळ उघडा पडतो तेव्हाच तो उचलण्याची सोय करावी, जून लागल्यावर टेंडर काढू नये.

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर