फोटोतला तलवारवाला

ती. बाबांस सा. न.

परवा फोनवर विचारत होतात ना, पॅरिसच्या फोटोत माझ्या मागे तलवार उगारून ओरडतोय तो पुतळा कोणाचा, तेव्हा मी 'असेल कोणीतरी जनरल' म्हणून वेळ मारून नेली, खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं. रोज त्याच्यासमोरूनच जातो तरी. आता वाचलंय. नेपोलियनचा सेनापती, नाव मिशेल ने. हो, नुसतं 'ने', मराठी वाक्यात लिहिलं तर प्रत्यय वाटायचा!

बाप तेव्हा फ्रान्समध्ये असलेल्या सारलुई गावात लाकडी पिंपं बनवायचा. पोरगा 1787 ला घोडदळात साधा शिपाई म्हणून लागला, मग राज्यक्रांती झाली, जुने सरदार पळाले, आणि 1804 ला नेपोलियन सम्राट झाला त्याच वर्षी हा मार्शल, म्हणजे सैन्यातला सगळ्यात वरचा मान. पुढे ड्यूक, प्रिन्स वगैरे. पण मला आवडला तो 1812 चा ने. रशियातून माघार घेताना सैन्याच्या शेपटाला हाच, क्रास्नीजवळ रशियनांनी रस्ता अडवून शरण ये म्हणून निरोप धाडला तर हा रात्री नीपर नदीच्या पातळ बर्फावरून माणसं घेऊन पलीकडे. निघाले हजारो, पोचले हजाराच्या आत. नेपोलियन त्याला शूरांतला शूर म्हणायचा ते उगाच नाही.

1814 ला मात्र सैन्य आता तुमचं ऐकणार नाही हे सम्राटाला तोंडावर सांगणाऱ्यांतही हाच होता. नेपोलियनला गादी सोडून एल्बा बेटावर जावं लागलं, आणि याने नव्या राजाची, अठराव्या लुईची, चाकरी धरली. नेपोलियन एल्बाहून पळून आला तसा हा राजाला म्हणाला, त्याला लोखंडी पिंजऱ्यात घालून आणतो, आणि आठवडाभरात, 14 मार्च 1815 ला, सैन्यासकट त्यालाच जाऊन मिळाला. बाजू बदलली त्याचं मला एवढं काही वाटत नाही, सैनिकच तिकडे चालले होते, हा एकटा काय करणार, पण पिंजऱ्याचं बोलायची काय गरज होती?

मग वॉटर्लू, नेपोलियनची शेवटची लढाई. पायदळाची नीट साथ नसताना घोडदळ इंग्रजांच्या चौकोनांवर, म्हणजे चारी बाजूंना संगिनी रोखून उभ्या पायदळावर, पुन्हा पुन्हा घातलं, चौकोन काही फुटले नाहीत. आणि समोर कोण, तर वेलिंग्टन, म्हणजे 1803 ला आपल्या असईला शिंदे-भोसल्यांना हरवणारा तोच वेलस्ली! मागे भोकरदनला जाताना तुम्ही गाडी थांबवून ते मैदान दाखवलं होतं, मी तेव्हा मोबाईलमध्ये होतो, सॉरी.

नेपोलियन हरला, राजा लुई परत आला, आणि याला पकडल्यावर आधी लष्करी कोर्टापुढे उभा केला, तिथे जुने साथीदार मार्शल न्यायाधीश होते, कदाचित वाचवलंही असतं. पण याने हट्ट धरला, मी उमराव आहे, माझा न्याय उमरावांच्या सभागृहानेच करावा. तिथे राजाची माणसं. शेवटी वकिलाने युक्ती काढली, सारलुई नुकतंच प्रशियाला गेलंय म्हणजे हा फ्रेंचच नाही, फ्रान्सशी गद्दारी कशी होईल? तर याने वकिलालाच गप्प केलं, मी फ्रेंच आहे आणि फ्रेंच म्हणूनच मरणार. 7 डिसेंबर 1815 ला सकाळी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेजवळ गोळ्या घातल्या, डोळ्यांना पट्टी बांधू दिली नाही.

पुतळा बसला 7 डिसेंबर 1853 ला, तेव्हा गादीवर नेपोलियनचा पुतण्या. तारीख तीच, जागाही जवळपास तीच.

रविवारी परत फोटो काढून पाठवतो, या वेळी मी बाजूला उभा राहतो म्हणजे तो पूर्ण दिसेल. आईला सांगा मेतकूट अजून आहे, आत्ता पाठवू नका.

तुमचा,
बंड्या