पांढरी रेघ आणि गिट्टीची पट्टी

मा. संपादक,
स. न.

फॉर्म्युला वनचे स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीचे पंच, बड्या चालकांना झुकते माप देतात, असा एका वाचकाचा आरोप आपल्या अंकात वाचला. मी नागपुरात बावीस वर्षे क्लब क्रिकेटची पंचगिरी केली, त्यामुळे आरोप ओळखीचाच. पायचीत दिल्यावर तंबूतून येणारे शेरे आणि सोमवारी सकाळी धरमपेठेत तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर ऐकू येणारे शेरे अगदी सारखे. तिथे गल्लीतला सलामीवीर, इथे मॅक्स व्हर्स्टॅपनसारखा विश्वविजेता चालक, एवढाच फरक.

माझे म्हणणे, भांडायचेच तर सर्किट बांधणाऱ्यांशी भांडा.

२ जुलै २०२३ ची ऑस्ट्रियातली शर्यत आठवा. चारही चाके पांढऱ्या रेघेबाहेर गेली की नियमभंग. तिसऱ्या वेळेपर्यंत काळ्या-पांढऱ्या झेंड्याच्या ताकिदीवर भागते, पुढे पाच सेकंदांचा दंड. पण तिथल्या रेड बुल रिंग सर्किटच्या शेवटच्या दोन वळणांवर रेघेपलीकडे सपाट डांबर! बाहेरून गेले तर वेळ वाचतो आणि गाडीला ओरखडाही येत नाही. मग आत राहील कोण? त्या दिवशी रेघ ओलांडल्याचे १,२०० हून अधिक संशयित प्रसंग समोर आले. शर्यत चालू असताना एवढे तपासणे कोणत्या पंचाच्या बापाला जमेल? शेवटी ॲस्टन मार्टिन संघाने आक्षेप घेतला आणि कित्येक तासांनी आठ चालकांना वाढीव दंड झाला. आम्ही झोपलो तेव्हा चालक कार्लोस साइंझ चौथा होता, उठून बघतो तर सहावा.

२०२४ मध्ये त्याच वळणांबाहेर गिट्टीची पट्टी टाकली आणि तिथली कटकट जवळजवळ मिटली. गिट्टीत चाक गेले की वेळ जातो. त्याला ना कॅमेरा लागतो ना सुनावणी.

२०११ ला नागपूरहून रात्रीच्या गाडीने दिल्ली गाठून बुद्ध सर्किटवरची पहिली शर्यत पाहिली. लुईस हॅमिल्टनशी धडक झाली म्हणून स्टुअर्डांनी फेलिपे मासा या चालकाला पिट लेनमधून (गाड्या थांबण्याच्या संथ मार्गातून) जाण्याची शिक्षा दिली. पुढे कर्बवर, म्हणजे वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर, आपटून त्याचे सस्पेन्शन मोडले. पात्रता फेरीतही हेच झाले होते. धडकेत चूक कोणाची, यावर आमच्या कंपूत अजून हमरीतुमरी होते. कर्बच्या निकालावर मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

गिट्टी धोक्याची, हा आक्षेप मला मान्य आहे. २०२२ ला सिल्व्हरस्टोनला चालक झोऊ ग्वान्यूची उलटी झालेली गाडी घसरत गिट्टीत गेली आणि टायरांच्या भिंतीवरून उडून जाळीवर आदळली. डोक्यावरचे संरक्षक कडे, म्हणजे हॅलो, होते म्हणून पोरगा वाचला. म्हणूनच मी पट्टी म्हणतो, मैदानभर गिट्टी नव्हे.

दोन गाड्या एकमेकींना भिडल्या तर मात्र माणसालाच निवाडा करावा लागणार. आणि २०२१ च्या अबू धाबीच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत हॅमिल्टनच्या हातून जेतेपद व्हर्स्टॅपनकडे गेले, त्याचे खापर तरी स्टुअर्डांवर फोडू नका. त्या दोघांच्या मधल्या, एक फेरी मागे असलेल्या पाचच गाड्यांना पुढे काढण्याचा निर्णय रेस डायरेक्टर मायकल मासी यांचा होता. स्टुअर्डांचा दोष फार तर नंतर हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाचा आक्षेप फेटाळल्याचा.

जाता जाता आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. सोमवारी निकाल छापताना तो अंतिम आहे की तात्पुरता, एवढे लिहीत जा. २०२३ च्या त्या सोमवारी आपल्या अंकात साइंझ चौथाच होता.

– एक निवृत्त पंच, धरमपेठ, नागपूर