म्युझिक सर्व्हरनं न विचारता फाईलींवरची नावं बदलल्याबाबत तक्रार

अंबाजोगाई, जि. बीड
दि. २२ जुलै २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा घरगुती म्युझिक सर्व्हर, म्हणजे डिस्कवरची गाणी घरभरच्या स्पीकरवर वाजवणारा डबा, मी आपल्याच वेबसाइटवरून ३१,५०० रुपयांना मागवला. डबा वेळेत आला. दिसायला सुबक आहे, गरम होत नाही, तिन्ही खोल्यांतल्या स्पीकरवर आवाज स्वच्छ येतो. माझी तक्रार डब्याबद्दल नाही, त्यानं ९ जुलैच्या रात्री जे केलं त्याबद्दल आहे.

आधी माझ्याकडे काय होतं ते सांगतो. नाहीतर काय गेलं ते तुम्हाला समजणार नाही.

माझ्याकडे ५४० सीडी आहेत. बहुतेक शास्त्रीय गायन-वादन, थोडे अभंग, थोडी नाट्यगीतं. चार हिवाळे बसून मी त्या एकेक करून संगणकावर उतरवल्या, फ्लॅक नावाच्या प्रकारच्या फाईलींत. सीडीवरचा आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा साधारण अर्धी लागते, म्हणून फ्लॅक. सीडी उतरायला दहा मिनिटं पुरतात. वेळ खातात ते टॅग, म्हणजे प्रत्येक फाईलीला आतून जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या. आतल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत तबल्याला कोण, पेटीला कोण, मागे तानपुऱ्यावर कोण हे छापलेलं असतं. ते भिंग धरून वाचायचं आणि देवनागरीत टाइप करायचं. फ्लॅकमध्ये कप्प्यांना आपल्या मनाची नावं देता येतात. म्हणून मी 'राग', 'ताल', 'प्रहर', 'रचनाकार', 'साथ' असे कप्पे केले होते. प्रहर एवढ्यासाठी, की सकाळी 'सकाळ' दाबलं की तोडी, ललत, भैरव असं पुढं यावं आणि दिवेलागणीला मारवा, पूरिया, यमन.

हे सगळं देवनागरीत असण्याचं कारण माझी आई. वय ८१, वाचते फक्त मराठी. टॅबलेटवर बोट फिरवत तिला हवं ते स्वतः लावायची. कुणाला हाक मारावी लागत नव्हती.

९ तारखेला रात्री मी डिस्क तुमच्या डब्याला जोडली. 'लायब्ररी तयार होत आहे' असं आलं, झोपलो. सकाळी सहाला आईच्या खोलीत मारवा सुरू होता आणि आई टॅबलेट हातात घेऊन बसलेली. म्हणाली, "ह्यातली सगळी नावं इंग्रजीत झाल्यात की रे." ॲपवर हिरव्या पट्टीत अभिनंदन होतं: ३,८१२ पैकी ३,१४० फाईली सुधारल्या.

सुधारल्या म्हणजे काय, ते बघा. गायकांची नावं तुमच्या यादीतून रोमन लिपीत आली, एकाच माणसाची तीन तीन स्पेलिंगं, त्यामुळे भीमसेन जोशी आता तीन आहेत. 'राग' आणि 'प्रहर' हे कप्पे पुसले गेले, कारण तुमच्या यंत्रणेला ते ओळखीचे नाहीत. प्रकार म्हणून सरसकट 'वर्ल्ड'. माझ्या दोन आयुष्यांना पुरेल एवढं हिंदुस्थानी संगीत 'वर्ल्ड' या एका शब्दात बसवलंत, याबद्दल वेगळं काय बोलावं. अभंगांच्या सीडींवर मी गाणाऱ्याचं नाव वेगळं आणि रचना कुणाची ते वेगळं लिहिलं होतं. ते दोन्ही तुम्ही 'कलाकार' या एकाच खान्यात ओतलंत. आता आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या, गंगाखेडच्या संत जनाबाई गायिका झाल्या आहेत. त्यांचं स्वतंत्र पान आहे, आणि त्या पानावर बटण आहे: 'नवा अल्बम आला की कळवा.' त्या नामदेवांच्या काळातल्या. मी बटण दाबून ठेवलंय.

गाडीतल्या पेनड्राइव्हसाठी मी काही एमपी३ प्रती केल्या होत्या, त्यांची गंमत निराळीच. त्यांवर मल्लिकार्जुन मन्सूर यांचं नाव आता 'मल्लिकार्ज' एवढंच उरलंय आणि किशोरी आमोणकर 'किशोरी आमो' होऊन पुढं एक तुटकं चिन्ह. तुमच्या तंत्रज्ञांनी शोधायची गरज नाही, मीच सांगतो. एमपी३च्या जुन्या, १९९६ सालच्या टॅगपद्धतीत नावाला फक्त ३० बाइट जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन लागतात. काना, वेलांटी, पाय मोडलेलं अक्षर, सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे दहा चिन्हं झाली की कात्री. ही अडचण नव्या टॅगपद्धतीत केव्हाच सुटली आहे. तुमचा डबा २०२५ मध्ये जुनी का लिहितो?

इथपर्यंतचं मी हसून सोडलंही असतं. पुढचं नाही सोडता येत.

माझ्या वडिलांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर नातेवाइकांचे आवाज भरून ठेवले होते. अशा ३४ कॅसेट मी या वर्षी संगणकात घेतल्या. त्यांतल्या एकीत माझी आत्या जात्यावर बसून ओव्या म्हणते, १९८६ सालचं रेकॉर्डिंग. सुरुवातीला तिचं विचारणं आहे, "चालू झालं का रे? सांगायचं नाही का मग." मग जात्याची घरघर, चौथ्या मिनिटाला कोंबडा, पुढं कुणीतरी बादली आपटतं. टिपणाच्या खान्यात मी हे सगळं लिहून ठेवलं होतं: कुठलं गाव, कुणाच्या लग्नाचं दळण, मध्येच जी दुसरी बाई ओवी उचलते ती कोण. हे सांगणारी आई एकटीच उरली आहे, आणि तिला आता सगळ्या गोष्टी दरवेळी आठवतात असं नाही. ट्रॅकची संख्या आणि लांबी जुळली म्हणून तुमच्या यंत्रणेनं या कॅसेटला कुठल्यातरी परदेशी अल्बमचं नाव दिलं, झोप लागण्यासाठी पावसाचे आवाज. वर धुक्यातल्या जंगलाचं चित्र. आई म्हणते वन्संचा आवाज लाव, आणि मी जंगल शोधत बसतो.

मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. पलीकडच्या मुलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, गाना तो चल रहा है ना?" चालतंय. फ्लॅक फाईलीच्या पोटात मूळ आवाजावरून काढलेला एक आकडा, एमडी५ ठसा, असतो; आवाज जरा बदलला तरी तो जुळत नाही; मी सगळ्या फाईली तपासल्या, एकही ठसा चुकलेला नाही. आवाजाला धक्का लागलेला नाही हे प्रामाणिकपणे लिहून देतो. पण चिठ्ठ्या काढलेल्या तीनशे बरण्यांचं काय करायचं, ते किराणा दुकानदाराला विचारा.

बॅकअप नव्हता का, हे तुम्ही विचारणारच. होता. माझा संगणक रोज पहाटे चारला दुसऱ्या डिस्कवर प्रत घेतो, आणि त्याला सर्व्हरवरच्या डिस्कचा पत्ता त्याच संध्याकाळी मीच भरून दिला होता. त्यानं इमानेइतबारे बिघडलेल्या टॅगांची प्रत चांगल्या टॅगांवर चढवली. हा मूर्खपणा माझा, तुमच्या माथी मारत नाही. लातूरला मेहुण्याकडे गेल्या दिवाळीत भरलेली एक जुनी डिस्क निघाली, तिच्यातून ४८० सीडींचे टॅग परत मिळाले. उरलेल्या ६० सीडी मी पुन्हा भिंग घेऊन करीन. ३४ कॅसेटींची टिपणं मात्र दिवाळीनंतरची, ती कुठंच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या डब्याला गाण्यांबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या. ते त्यानं स्वतःच्या वहीत लिहावं, माझ्या फाईलीवर नाही. 'स्मार्ट सुधारणा' हे बटण डबा आला तेव्हापासून चालू होतं, सेटिंगच्या चौथ्या पानावर होतं, आणि त्याखाली 'फाईलींमध्ये कायमचा बदल होईल' असं एका ओळीतही लिहिलेलं नव्हतं. मी नंतर शोधून पाहिलं.

ज्याअर्थी ॲप ३,१४० हा आकडा सांगतं, त्याअर्थी कुठली फाईल कशी बदलली याची नोंद त्यात किंवा तुमच्या सर्व्हरवर कुठंतरी झालेली असणार. जुन्या मजकुरासह ती नोंद मला हवी आहे. ६० सीडींची नसली तरी चालेल, कॅसेटींची द्या. नोंद ठेवलीच नसेल तर तसं लेखी कळवा, डबा परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. दोन्ही बाबतींत ते बटण नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद करून पाठवा.

११ जुलैला ईमेल केला होता, त्याला यंत्राचं उत्तर आलं, माणसाचं नाही. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ११ ऑगस्टपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्यानं मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. तारखांना मी येईन, निवृत्त माणूस आहे.

आपला ग्राहक
(सही)

सोबत: बिलाची प्रत, बदलाआधीच्या आणि नंतरच्या टॅगांची छायाचित्रं.

ता. क. फोन करणार असाल तर संध्याकाळी सातनंतर करा. दुपारी आमच्याकडे लाईट नसते. आणि गाणं चालतंय का, हे कृपया विचारू नका.