गोळी देणाऱ्या हातांना शिक्षण हवे

संपादक महोदय,

मी टेक्सासमध्ये ज्येष्ठांच्या असिस्टेड लिव्हिंग निवासात (जिथे रोजच्या कामांत मदत मिळते) मेडिकेशन एड, म्हणजे रहिवाशांना औषधे देणारी सहाय्यक आहे. परवान्यासाठी १४० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा द्यावी लागली. माणूस, औषध, मात्रा, वेळ सगळे तपासायचे. गोळी आपल्यासमोर गिळल्यावरच नोंद करायची, आधी नाही.

सुट्टीत पुण्याला आईच्या वृद्धाश्रमात गेले, तर तिथल्या मावशी तिची रक्तदाबाची गोळी कुटून वरणात कालवत होत्या! ती हळूहळू विरघळणारी गोळी. कुटली की सगळे औषध एकदम अंगात जाते. मावशींचा काय दोष? माया लावतात, पण त्यांना कुणी शिकवलेच नव्हते. वृद्धाश्रमांत औषधे देणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचे करावे, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, डॅलस