मागून धडक, तरी चूक सायकलवाल्याचीच?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची बातमी असते: भरधाव मोटारीची धडक, सायकलस्वार जखमी, हॉस्पिटलात दाखल. त्या माणसाचं पुढे काय झालं ते कधी छापून येत नाही. मला ते पुष्कळदा कळतं, कारण माणूस हॉस्पिटलात जातो आणि सायकल माझ्या दुकानात येते. बडोद्यात वाडी भागात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पाळीवर जाणारे कामगार, पहाटे पेपर टाकणारी मुलं, दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या दुकानांत काम करणारी माणसं, घरकामाला जाणाऱ्या बायका ही माझी गिऱ्हाइकं. हौसेने सायकल चालवणारे अलकापुरीकडे असतील, माझ्याकडे येतात ते सायकल बंद पडली की ज्यांचा पगार कापला जातो असे लोक.

याच गिऱ्हाइकांपैकी एकाचं प्रकरण मी जवळून पाहिलं. नाव देत नाही, तशी त्याची इच्छा आहे. लेथवर टर्नर आहे, आमच्याच गल्लीतला. दुसरी पाळी संपवून रात्री घरी येत असताना लालबागच्या पुलाखाली त्याला मोटारीने उडवलं. मोटारवाला थांबला, रिक्षा करून त्याला हॉस्पिटलात पोहोचवलं, हे त्याने चांगलंच केलं. पण पोलिसांपुढे जबाब दिला तो असा, की सायकलवाला डाव्या बाजूने अचानक आडवा आला आणि सायकलला मागे काही चमकणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेहुणा सायकल हातगाडीवर घालून माझ्याकडे घेऊन आला. मागचं चाक दुमडून मडगार्डसकट सीटखाली घुसलेलं. कॅरियर चपटा. फ्रेमचे मागचे दोन्ही दांडे आत वाकलेले, आणि डावा जितका वाकला होता तितकाच उजवा. लाल रिफ्लेक्टरचा अर्धा तुकडा मडगार्डच्या स्क्रूला अजून लटकत होता, उरलेला चुरा तारांमध्ये अडकलेला. पुढचं चाक उचलून फिरवलं तर जराही आउट नव्हतं, ब्रेकच्या रबराला कुठे घासलं नाही. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, सरळ. हँडल सरळ. उजव्या पैडलला रस्त्यावर आपटल्याचं खरचटणं होतं, बस्स.

आडवी आलेली सायकल अशी मोडत नाही. आडवी आली असती तर मार क्रँकला, म्हणजे पैडलच्या दांड्याला, बसला असता, मधल्या दांड्याला बसला असता, पुढचं चाक सलामत राहिलं नसतं. ही सायकल रस्त्याने सरळ चालली होती आणि मार थेट पाठीमागून बसला होता. त्यासाठी इंजिनीअर लागत नाही, कुठल्याही गल्लीतला सायकलवाला हात लावून सांगेल.

पंचनाम्यात त्या सायकलबद्दल एकच ओळ होती, सायकलला नुकसान झाल्याची. मोटारीची मात्र रीतसर तपासणी झाली, आरटीओच्या इन्स्पेक्टरने ब्रेक, स्टिअरिंग ठीक असल्याचा रिपोर्ट दिला. सायकल कुणी ताब्यातसुद्धा घेतली नव्हती, ती रात्रभर एका पानाच्या टपरीला टेकवून ठेवलेली होती. मी तिला पाना लावला नाही. सगळ्या बाजूंनी फोनवर फोटो काढले, मापासाठी शेजारी पट्टी धरून, आणि घरच्यांना म्हटलं हे साहेबांना दाखवा. उत्तर आलं, सायकलमध्ये काय बघायचं?

संपादक साहेब, माझी मुख्य तक्रार इथे आहे. गुन्हा सिद्ध करायचा तर गाडी बेदरकारपणे किंवा हयगयीने चालवली हे सरकार पक्षाला दाखवावं लागतं. रात्रीच्या रस्त्यावर साक्षीदार नसतो, कॅमेरा असला तर चालू नसतो. जखमी शुद्धीवर येईपर्यंत मोटारवाल्याचा जबाब लिहून झालेला असतो. अशा वेळी खोटं न बोलणारा पुरावा एकच उरतो, ती मोडलेली सायकल, आणि नेमका तोच कुणी बघत नाही. जखमीला मात्र हेल्मेट होतं का म्हणून विचारतात. सायकलस्वाराला हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्यात कुठेही नाही, कलम १२९ मोटारसायकलवाल्यांसाठी आहे.

आता कलमांबद्दल. हे मी त्या प्रकरणात वकिलांकडे जाऊन समजून घेतलं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. बेदरकारपणे वाहन चालवण्याला कलम २८१, शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ लाही हाच दंड होता. म्हणजे १८६० साली जी रक्कम खरोखर जबर होती, ती नवा कायदा लिहिताना कुणाला बदलावीशी वाटली नाही. दुखापत झाली तर कलम १२५: साधी असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड. दोन्हीत कैद आणि दंड मिळूनही देता येतात, पण 'किंवा' आहे म्हणून नुसत्या दंडावरही भागतं. ५,००० रुपयांत आज साधी काळी सायकल जेमतेम येते. शिवाय ही सगळी कलमं जामीनपात्र. जखमीला वॉर्डात खाट मिळेपर्यंत मोटारवाला पोलीस स्टेशनातूनच जामिनावर घरी गेलेला असतो.

साधी आणि गंभीर यातला फरक तर मला फार टोचतो. हाड मोडलं तर दुखापत गंभीर. हाड शाबूत असेल तर बहुतेक वेळा माणूस पंधरा दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा नेहमीचं कामकाज करू शकला नाही, असं दाखवावं लागतं. पूर्वी वीस दिवस होते, आता पंधरा केले, ते बरं केलं. पण सर्टिफिकेट लिहिलं जातं पहिल्या रात्री. आमच्या टर्नरच्या उजव्या खांद्याचे लिगामेंट फाटले होते. ते एक्स-रेत दिसत नाहीत. कागदावर 'साधी दुखापत' लागली ती लागली. त्याला कित्येक महिने लेथचं हँडल फिरवता आलं नाही, हात खांद्याच्या वर जात नव्हता, बायको त्याला शर्ट घालून द्यायची. पंधरा दिवसांनी परत येऊन कोण विचारणार, की बाबा, कामावर गेलास का? कुणी विचारलं नाही.

मग सुरू झालं समाधान, म्हणजे तडजोड. मोटारवाल्याचे नातेवाईक फळं घेऊन आले, बोलायला सभ्य माणसं होती. हॉस्पिटलचं बिल आणि नवी सायकल देतो, तक्रार पुढे चालवायची नाही असं लिहून द्या. कलम १२५ मध्ये कोर्टाच्या परवानगीने अशी तडजोड करता येते. घरभाडं थकलं होतं, मुलीची शाळेची फी भरायची होती, त्याने सही केली. त्याला मी एका शब्दाने बोललो नाही आणि बोलणारही नाही. पण कलम २८१ काही त्या माणसाच्या एकट्याचं नाही, ते रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी आहे, त्यात खाजगी तडजोड चालत नाही. तरी जखमीच कोर्टात म्हणाला की मला काही आठवत नाही, तर तो खटला उभा कशावर राहणार?

नुकसानभरपाईचा दावा वेगळा असतो, आणि तिथे कायदा पुष्कळ न्यायी आहे हे कबूल केलं पाहिजे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सांगितलं, की अपंगत्वाची नुसती टक्केवारी बघू नका, त्या माणसाचा धंदा काय ते बघा. डावा हात गेला तर सुताराची कमाई जवळपास सगळी जाते, कारकुनाची तशी जात नाही. हीच नजर फौजदारी बाजूला असती तर टर्नरचा खांदा 'साधा' ठरला नसता. पण अशा दाव्यांच्या ट्रिब्युनलने (न्यायाधिकरणाने) दिलेली भरपाई बहुतेक वेळा विमा कंपनी भरते, गाडी चालवणाऱ्याच्या खिशाला हात लागत नाही. आणि गाडीवाला पळून गेला, नंबर मिळालाच नाही, तर सरकारच्या योजनेतून मिळतात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,०००. १ एप्रिल २०२२ च्या आधी हेच आकडे २५,००० आणि १२,५०० होते. साध्या दुखापतीला त्या योजनेत काहीच नाही, म्हणून तो पहिल्या रात्रीचा शिक्का तिथेही नडतो.

माणूस मेला तरच कायदा जागा होतो, असं आमच्या लोकांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. पंजाबच्या एका खटल्यात मृत्यू होऊनही हायकोर्टाने शिक्षा २४ दिवसांवर आणली होती. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती सहा महिने केली आणि अशा गुन्ह्यांच्या शिक्षेचा फेरविचार करा असं कायदा करणाऱ्यांना सांगितलं. नव्या संहितेत हयगयीने मृत्यू घडवल्याची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षं झाली. पळून जाणाऱ्याला दहा वर्षांची तरतूद होती, पण जानेवारी २०२४ च्या ट्रकवाल्यांच्या संपानंतर ते पोटकलम लागूच केलं नाही. ट्रकवाल्यांची भीती मला समजते, थांबलं तर जमाव मारतो हे खरं आहे. आपल्या कारेलीबागेत २०२५ च्या मार्चमध्ये मोटारीने स्कूटरवाल्यांना उडवलं, एक बाई गेली, व्हिडिओ देशभर फिरला, आणि कडक कलम लागलं. ते लागायलाच हवं होतं. पण लालबागच्या पुलाखालचा व्हिडिओ कुणी काढला नव्हता.

मी जास्त तुरुंग मागत नाहीये. दहा वर्षं आत टाकून आमच्या टर्नरचा खांदा भरून येत नाही, आणि तुरुंगात जायची वेळ येते ती गरीब ड्रायव्हरवरच. मी मागतोय परवाना. गाडी चालवायचा परवाना हा सरकारने विश्वासाने दिलेला कागद आहे, तो परत घेता येतो. त्यासाठी नवा कायदा करायला नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने लिहिलंच आहे, की धोकादायक गाडी चालवल्याचं पोलिसांना दिसलं तर त्यांनी परवाना जप्त करून लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अपात्रतेच्या कारवाईसाठी पाठवायचा. कोर्टालाही कलम २० खाली परवाना रोखता येतो. २०१७ च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध यांची विशेष काळजी घेणं चालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. एवढं सगळं असून या प्रकरणात परवान्याला कुणी हात लावला नाही. तो मोटारवाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने गाडी चालवत ऑफिसला जाऊ शकत होता. आमचा माणूस टॉवेल पिळू शकत नव्हता.

हॉलंडमध्ये मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली तर निदान अर्धी भरपाई मोटारवाल्याच्या बाजूला येतेच, आणि सायकलवर चौदा वर्षांखालचं मूल असेल तर जवळजवळ पूर्ण, मुलाची चूक असली तरी. तिथे सायकलवाले बहुसंख्य म्हणून त्यांचं चालतं असं कुणी म्हणेल. बडोद्यातही सकाळी सहाला सुसेन सर्कलला उभं राहून बघा, सायकली कमी नाहीत. फक्त त्या चालवणाऱ्यांपैकी कुणी पत्र लिहायला बसत नाही.

दोन गोष्टी ताबडतोब करता येतील. पंचनाम्यात सायकलचे चारी बाजूंनी फोटो आणि कुठला भाग कुठल्या दिशेने वाकला याची नोंद सक्तीची करावी, मोटारीच्या तपासणीसारखीच. आणि दुखापतीचं सर्टिफिकेट पंधरा दिवसांनंतर पुन्हा तपासून घ्यावं, जखमीला बोलावून. अपघातानंतर दहा दिवसांच्या आत जखमीला त्याच्या हक्कांचा छापील फॉर्म द्यायचा, असाही नियम २०२२ पासून आहे. आमच्या गल्लीत तो कुणी पाहिलेला नाही. तो आपल्या पेपरने एकदा संपूर्ण छापला तर फार उपकार होतील, कारण इथल्या मराठी घरांत कित्येकांना गुजराती बोलता येतं पण कायद्याचा कागद वाचून उमगत नाही. शिवाय अपघाताची बातमी देताना कुठलं कलम लावलं आणि परवाना जप्त झाला की नाही, एवढं बातमीदाराने विचारून छापावं.

माझ्याकडून होईल ते सांगतो. बडोद्यातल्या कुठल्याही पोलीस स्टेशनने बोलावलं तर मी येऊन मोडलेली सायकल बघेन, मार कुठून बसला ते लिहून सही करून देईन आणि कोर्टात येऊन तेच सांगेन. त्याचे पैसे घेणार नाही. माझ्याबरोबर धंद्यातले आणखी दोघेतिघे तयार आहेत, मी त्यांना विचारून हे लिहितोय.

आपला,
एक सायकल दुरुस्ती करणारा
वाडी, बडोदे